साहेब, बाबू आणि मधली काच

६ जानेवारी २०२५, सोमवार

ऑफिसची नवी डायरी आज शिपायाबरोबर घरी आली. तेहतीस वर्षांत अशा तेहतीस डायऱ्या मिळाल्या आणि एकीतही मी अक्षर लिहिलं नाही, कुणाकुणाच्या मुलांना देऊन टाकल्या. ही ठेवून घेते. डॉक्टरांनी रोज नोंद ठेवायला सांगितलंय: रक्तदाब, खाणं, व्यायाम आणि रडणं किती वाजता. नोंद ठेवणं हे एक काम मला नीट जमतं. दिल्लीत मिनिस्ट्रीच्या आवक शाखेत जन्म गेलाय. कागद आला की त्यावर वेळ टाकायची, कशासंबंधी ते कंसात लिहायचं आणि पुढे सरकवायचं.

ह्यांना झटका आला त्याला आज सात आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं हलतात आणि डोळे हलतात. हॉस्पिटलमधून आणल्यावर पलंग बाहेरच्या खोलीत टाकला, कारण आत मावत नव्हता. समोर ह्यांची माशांची सहा फुटी टाकी. डोळे बघतात ते फक्त तिकडे. मी समोर उभी राहिले तर माझ्या बाजूने वाकून बघावं तशी नजर टाकीकडे जाते. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "ध्यान कहीं तो लग रहा है ना, उसी को पकड़के रखिए." म्हणजे ते मासे जिवंत ठेवणं आता माझ्या गळ्यात आहे.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय: रुग्ण अकारण रडू शकतो, हा आजाराचा भाग आहे, घरच्यांनी मनावर घेऊ नये, लक्ष दुसरीकडे वळवावं. तो कागद मी फ्रिजवर लावलाय.

रडणं: सकाळी ८.२० (ह्यांना सांभाळायला येणाऱ्या प्रभाने उजेड नको म्हणून टाकीवर चादर टाकली). संध्याकाळी ६.०५ (मी फोनवर बहिणीला सांगत होते की हे आता लहान मुलासारखे झालेत).

९ जानेवारी, गुरुवार

थंडीने हात बधिर झालेत. टाकीत हीटर लावायचे, पाणी काढायचं, नवं घालायचं, आणि मग कोळंबी. आमच्या सात पिढ्यांत कुणी कोळंबी हातात धरली नसेल. ह्यांनीही कधी खाल्ली नाही. पण रिटायर झाल्यावर ह्यांच्या डोक्यात हे मांसाहारी मासे शिरले आणि दोन वर्षं हा शाकाहारी माणूस रोज सकाळी अंघोळीआधी चिमट्याने कोळंबी सोलत होता. अंघोळीआधी, हे महत्त्वाचं. आता मी सोलते. नाकाला पदर लावून.

जग्वार नावाची जात आहे. अंगभर काळे ठिपके, तोंड उघडलं की आत सगळा अंधार. आणले तेव्हा बोटाएवढे पाच होते. सहा महिन्यांत दोन उरले, बाकीचे ह्या दोघांनी संपवले. मग ह्यांनी टाकीच्या मधोमध भोकं पाडलेली काच बसवली आणि दोघांना दोन बाजूंना ठेवलं. दीड वीत लांबीचा मोठा, तो साहेब. "काही न करता नुसता राउंड मारतो," असं हे म्हणायचे. लहान, फिकट, मडक्यामागे बसणारा, तो बाबू. दोन बाजू म्हणजे सगळं काम दोनदा.

रडणं: नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. लेक स्वरूपा गुडगावहून रजा टाकून आली. ह्यांच्या ओठांना तिळगूळ लावला, तेवढाच.

जेवताना तिने विषय काढला. पानिपतला हायवेजवळ एक जागा आहे, आजारी माणसांना कायमचं ठेवून घेतात. नर्स, व्यायाम, बाग, सगळं. तिच्या कलीगचे वडील तिथे आहेत. "आई, तू थोडी प्रॅक्टिकल हो ना. अठ्ठावीस फेब्रुवारीला तुझी रजा संपतेय. मग? आणि बाबांना काही कळत नाहीये गं. त्यांना इथे काय, तिथे काय."

मी तिला म्हटलं, हळू बोल. ती म्हणाली, "कळत नाहीये म्हणतेय ना."

इथे खोटं लिहून काय करू. पानिपत हा शब्द ऐकला आणि पाठीतून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. तिथे कुणीतरी दुसरं कूस बदलेल, दुसरं कुणीतरी भरवेल, आणि मी रविवारी फळं घेऊन जाईन. लगेच लाज वाटली. पण आधी बरं वाटलं, हे खरं.

रडणं: १२.५० (स्वरूपा पानिपतचं सांगत होती). वीस मिनिटं. कागदाप्रमाणे लक्ष दुसरीकडे वळवलं, टीव्ही लावला.

१९ जानेवारी, रविवार

प्रभाची सुट्टी. तीन वेळा चादर बदलली. तिसऱ्यांदा मी ह्यांच्या अंगावर ओरडले. चौतीस वर्षांच्या संसारात असं ओरडले नव्हते. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

रडणं: १.१५ (मी ओरडले त्यानंतर).

२६ जानेवारी, रविवार

परेडची विमानं छतावरून गेली, खिडक्या थरथरल्या. साहेब दचकून काचेवर आपटला आणि हे हसले. आवाज न करता, अर्ध्या तोंडाने. हसण्याचीही नोंद हवी का, ते डॉक्टरांना विचारायचं.

प्रभा परवा म्हणत होती, "दीदी, अंकल सब समझते हैं. मैं बताऊँ आपको." तिला म्हटलं, बरं. डॉक्टरांच्या कागदावर सही आणि शिक्का आहे. प्रभाच्या म्हणण्यावर काय आहे.

रडणं: नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रभा होळीला गावी जाणार, आणि परत येईलच असं नाही. एजन्सीवाले दुसरी देतो म्हणतात, पण ते नुसतं तोंडदेखलं, हे मला ऐकूनच कळतं. रजा वाढवून मिळेल का, ते सेक्शनमध्ये विचारलं, उत्तर गुळमुळीत आलं. दोन वर्षं उरलीत माझ्या रिटायरमेंटला, आणि हे सरकारी क्वार्टर माझ्या नावावर आहे. नोकरी सोडली तर लक्ष्मीबाई नगर सोडावं लागेल.

स्वरूपाला फोन करून सांगितलं, पानिपतचं नक्की कर. ती म्हणाली, "थँक गॉड." एक मार्चला न्यायचं. फोन पलंगाशेजारीच उभी राहून केला, कारण मोबाइलला रेंज तिथेच येते.

मग टाकीचं काय करायचं? तिथे टाकी नेता येणार नाही. स्वरूपा म्हणते, देऊन टाक कुणाला तरी.

रडणं: ७.१० (फोन चालू असताना). खूप.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाडगंजमधून सुजय आला. हे त्याच्याच दुकानातून मासे आणायचे. दारात चपला काढल्या, ह्यांच्या पायाला हात लावला, मग टाकीसमोर उकिडवा बसला. त्याच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला रिसेप्शनमध्ये मोठी टाकी हवीय. अट एकच: दोन मासे एकत्र राहणारे हवेत. मधली काच बघायला बरी दिसत नाही.

मी म्हटलं, हे तर एकमेकांना खातील.

"नहीं आंटी. दोनों नर होते तब ना. देखिए, यह बड़ा है, धब्बे साफ़ हैं, ऊपर का पंख पीछे नोकदार. यह नर. और वह छोटी, रंग फीका, पंख गोल, सारा दिन मटके के पास. वह मादा है. आपके पास तो जोड़ी है."

मी विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की करायचं तर पाण्याबाहेर काढून पोटाखाली बघावं लागतं, एवढ्या थंडीत कशाला त्रास द्यायचा. शिवाय साहेब काचेपाशी येऊन गाल फुगवतो, अंग थरथरवतो, ते मी रोज बघतेच. सुजय म्हणाला, "मना रहा है उसको." मला हसू आलं. बाबू ही इतके दिवस बाई होती आणि आम्ही तिला कारकून करून ठेवलं होतं.

त्याने रीत समजावली. आठवडाभर दोघांना भरपूर खाऊ घालायचं. मग एका सकाळी दगड आणि मडकी सगळी हलवायची, म्हणजे कुणालाच आपली जागा ओळखू येत नाही. दिवा बंद करायचा. आणि काच काढायची. मी सगळं क्रमाने लिहून घेतलं.

रडणं: ११.१५ (सुजय बाबूला मादी म्हणाला तेव्हा सुरू झालं). डाव्या हाताची बोटं पलंगाच्या दांडीवर आपटत होते. तहान लागली असेल म्हणून पाणी पाजलं, ते थुंकून टाकलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोघांना दुप्पट कोळंबी. साहेब खातो, बाबू अर्धी टाकतो. लग्न ठरलेल्या मुलीसारखं, असं मी प्रभाला म्हटलं. ती हसली नाही. म्हणाली, "अंकल को पूछ लीजिए एक बार." मला रागच आला. कुणाला विचारू, कसं विचारू? कालपासून माझी कंबर धरलीय, उजव्या पायात मुंग्या येतात, आणि ही मला सल्ले देतेय.

रडणं: नाही. डोळे मिटून पडलेले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काच काढली.

सकाळी दहापासून लागले होते. दगड बाहेर काढले, मडकी उलटी करून जागा बदलल्या, दिवा बंद केला. प्रभाने आणि मी मिळून काच वर ओढली. दीड वर्षाचं शेवाळ बसलेलं, निघता निघेना. निघाली तेव्हा पाणी सगळं गढूळ झालं, कोण कुठे आहे ते दिसेना.

रडणं: ११.४० (काच वर ओढायला लागलो तेव्हा) ते १२.१५. आजवरचं सगळ्यात जास्त. तोंडातून आवाज काढत होते, तसा आवाज आधी कधी काढला नव्हता. बोटं दांडीवर आपटून आपटून एक नख फुटलं. कागद आठवला, लक्ष दुसरीकडे वळवावं. मी आणि प्रभाने पलंग फिरवून भिंतीकडे केला. मग हळूहळू थांबले.

दुपारी पाणी निवळलं. दोघं शेजारीशेजारी होते, मधे हातभर अंतर, अगदी शांत. मला इतकं बरं वाटलं की स्वरूपाला फोटो पाठवला. तिने हृदय पाठवलं. सुजयलाही कळवलं, तो म्हणाला, उद्या बघायला येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबू मेला.

सकाळी सातला पडदा सरकवला तर तळाशी आडवा पडलेला. शेपूट राहिलीच नव्हती, एका बाजूचे खवले सोललेले, डोळा गेलेला. साहेब त्याच्यावरून फेऱ्या मारत होता. पलंग अजून भिंतीकडेच होता. मी तो तसाच ठेवला. हे मला दिसू नये असं वाटलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण मला वाटलं, ह्यांना दिसू नये. काही कळत नाही ज्याला, त्याला दिसू नये असं मला का वाटलं?

दहाला सुजय आला. त्याने बाबूला वर्तमानपत्रावर घेतलं, उताणं केलं, पोटाखाली अंगठ्याने दाबून बघितलं. मग म्हणाला, "आंटी, माफ़ कीजिए. यह भी नर है." मोठ्याच्या दहशतीत राहिलेला नर वाढत नाही, रंगही धरत नाही, बाहेरून मादीसारखाच दिसतो, हे त्याला माहीत होतं. पण त्याने उचलून बघितलं नाही. मीही आग्रह धरला नाही. साहेब गाल फुगवत होता ते मनधरणीसाठी नव्हतं.

"अंकल ने तो देखा होगा," तो जाता जाता म्हणाला. "इसीलिए शीशा लगाया था."

तो गेल्यावर मी ही डायरी घेऊन बसले. पहिल्या पानापासून. आमच्या शाखेत जुना विषय पुन्हा वर आला की आधी मागची सगळी पानं वाचायची असतात. सहा जानेवारी, टाकीवर चादर. सहा जानेवारी, लहान मुलासारखे झालेत. चौदा, पानिपत. एकोणीस, मी ओरडले. दोन फेब्रुवारी, फोन. आठ, बाबू मादी. काल, काच. प्रत्येक वेळी कारण मी स्वतःच्या हाताने कंसात लिहिलंय. सहा आठवडे रोज लिहिलं, आणि एकदाही वाचलं नाही.

मी पलंग परत फिरवला. टाकीकडे तोंड केलं. ह्यांनी बघितलं, एकच मासा. रडले नाहीत. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, दोघंही नर आहेत?" ह्यांनी डोळे मिटले, आणि उघडले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा मिटले.

काल ह्या माणसाने नख फुटेपर्यंत मला सांगितलं, आणि मी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मी नुसता हात धरून बसले. सुट्टी असूनही संध्याकाळी प्रभा डोकावली, तिने चहा ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आमचं ठरलंय. डोळे मिटले म्हणजे हो, उघडे ठेवले म्हणजे नाही. प्रभा म्हणते, ती महिनाभर असंच विचारतेय. मला सांगितलं का नाहीस, म्हटलं तर म्हणाली, "बताया था, दीदी."

चार दिवसांत कळलेल्या गोष्टी: बिनसाखरेचा चहा आवडत नाही. उशी फार उंच आहे. पाच वाजताची सीरियल नको, बातम्या हव्यात. डावा खांदा दुखतो. माझी बहीण फोनवर मोठ्याने बोलते ते नको. शेवटचं विचारताना मला हसू आलं, आणि हेही अर्ध्या तोंडाने हसले.

सगळ्यात अवघड प्रश्न मी अजून विचारलेला नाही. एक तारीख जवळ येतेय. मनात एक पळवाट आहे की न विचारता न्यावं, तिथे गेल्यावर होईल सवय. ती पळवाट मी रोज बघते आणि रोज परत येते.

रडणं लिहिणं बंद केलंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी प्रभाला लवकर सोडलं आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. ऑफिसात साहेबांपुढे उभं राहून बोलायचं असलं की मी आधी मुद्दे लिहून काढते. आज लिहिले नाहीत.

म्हटलं, "अहो, पानिपतचं तुम्ही ऐकलंच आहे. तुमच्यासमोर बोललो आणि तुम्हाला विचारलं नाही, चुकलं आमचं. पण खरं सांगते. मी फार दमलेय. संक्रांतीला स्वरूपा बोलली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आताही कधी कधी वाटतं. रात्रभर सलग झोपून मला तीन महिने झाले. मला तुमचा कंटाळा आलेला नाही, पण कामाचा आलाय, आणि दोन्ही वेगळं ठेवायला मला जमत नाही."

वाटलं होतं, आता रडतील. रडले नाहीत. ऐकत होते. माझ्याकडे बघत होते, टाकीकडे नाही.

"तिथे जाल?"

डोळे मिटले.

मला खरं वाटेना. उलट करून विचारलं, "इथेच राहायचंय?" डोळे उघडे. "ती जागा चांगली वाटतेय तुम्हाला?" उघडे. मग मला कळलं, काय विचारायला हवं ते. विचारायची हिंमत नव्हती, तरी विचारलं.

"मला विश्रांती मिळावी म्हणून हो म्हणताय?"

डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मला वाटलं, झोपले की काय. डावा हात चाचपडत माझ्या मनगटापर्यंत आला आणि तिथे राहिला.

मी रडले. भरपूर रडले, नाक पुसायला पदर पुरेना. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने मला कधी फुलं आणली नाहीत, वाढदिवस लक्षात ठेवला नाही, सुट्टीत कुठे नेलं नाही. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे. आणि आज बोलता येत नाही तेव्हा हे.

पाचला स्वरूपाला फोन केला. तिथेच, पलंगाशेजारी उभी राहून.

"पानिपतला नाही म्हणून कळव," मी म्हटलं.

"का? बाबांना विचारलंस तू? नाही म्हणाले ना? मला वाटलंच होतं."

"नाही गं. हो म्हणाले."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"हो म्हणाले, हाच."

ती म्हणाली, "आई, तीन तारखेला तुला जॉइन व्हायचंय. प्रभा जाणार. तू करणार कसं सगळं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "सोमवारी अर्ज टाकते, बघू काय म्हणतात. तू शनिवार-रविवारी येत जा. आता ठेवते, ह्यांची कूस बदलायची वेळ झाली."